एका म्हशीच्या दोन तारखा

आकाराम चौगुल्यांनी आपला मोबाईल निशिगंधाच्या टेबलावर ठेवला. दूध संघाचे दोन मेसेज, एकाच मिनिटाला आलेले. पहिला : 'आपली म्हैस व्यायला २० दिवस बाकी. खुराक वाढवा.' दुसरा : 'आपली म्हैस १० दिवस लांबली आहे. कळा आणण्याचे इंजेक्शन देण्यास डॉक्टर येत आहेत.'

"म्हस एकच हाय, ताई," आकाराम म्हणाले.

संघाचा कॉम्प्युटर विभाग म्हणजे कोल्हापुरातल्या राजारामपुरीतली, एका शिकवणीच्या क्लासच्या डोक्यावरची खोली. आणि खोलीतली निशिगंधा. तिनं तोंड उघडण्याआधीच मोबाईल वाजला. मलकापूरकडच्या गावातनं आकारामांच्या बायकोचा, शालूबाईंचा आवाज स्पीकर न लावता खोलीभर झाला.

"अवं, डॉक्टर आल्यात की! आजपासनं मोहीम हाय म्हनं, आपलंच पयलं घर. सुई काढल्या. मी म्हणतिया दिस भरल्यालं न्हाईत, त्ये म्हणत्यात यादीत नाव हाय!"

"च्या पाज त्यास्नी. दोन कप पाज!"

निशिगंधानं क्वेरी उघडली. डेटाबेसला विचारायचा पासष्ट ओळींचा एकच प्रश्न. त्यात व्यायची तारीख चार ठिकाणी नव्यानं मोजलेली : मेसेजला एकदा, खुराकाला एकदा, नावं क्रमानं लावायला एकदा आणि डॉक्टरांची यादी काढायला एकदा. मुळात सगळीकडं गाईच्या गाभणपणाचे दोनशे ऐंशी दिवस होते. कोल्हापुरात म्हशीही असतात हे संघाच्या उशिरा ध्यानात आलं, तेव्हा म्हशीचे तीनशे दहा घातले. तीन ठिकाणी. चौथ्या ठिकाणी, डॉक्टरांच्या यादीत, जिल्ह्यातल्या तमाम म्हशी अजून गाईच होत्या.

"चारदा कशापायी मोजताय?" आकारामांनी विचारलं.

"एकदा मोजून त्या तारखेला नाव दिलंय की, काका. पण खाली अट घालताना ते नाव घेतलं की हा डेटाबेस म्हणतो, ओळखत नाही. हा अटी आधी तपासतो आणि नाव मागनं ठेवतो."

"म्हंजे बारशाआधी हाक मारल्यागत."

"तसंच."

"मग बारसं आधी उरका की! आमच्यात गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं एकच तारीख लिवल्या. शालू तीच बघती, मी बी तीच बघतो. ज्यानं त्यानं आपापल्या बोटांवर मोजाय लागलं, तर म्हशीनं कुणाचं ऐकायचं?"

निशिगंधा कीबोर्डकडं वळली. मग तिनं सगळ्यात वर एक छोटी क्वेरी लिहिली. तारीख मोजायची ती तिथंच, एकदाच. तिला नाव दिलं आणि खालच्या मोठ्या प्रश्नाला सांगितलं, आता हिच्यातनं घे. चारही ठिकाणचं गणित खोडून तिनं नुसतं नाव लिहिलं. पासष्टाच्या एक्केचाळीस ओळी झाल्या.

बटण दाबलं. तीनशे बारा लांबलेल्या जनावरांपैकी अकरा उरली. बाकीच्या तीनशे एक म्हशी त्या क्षणी वेळेवर आल्या. नवी यादी डॉक्टरांच्या मोबाईलवर गेली.

खाली क्लासातली पोरं पाढे म्हणावेत तशी सूत्रं म्हणत होती.

मोबाईल वाजला.

"सुई पिशवीत घातली बघा! सॉरी बी म्हणाले."

"तुला?"

"मला कशाला? म्हशीला."

आकाराम तेव्हा कुठं खुर्चीत बसले. टोपी काढून त्याच टोपीनं तोंड पुसलं.

टोपी झटकून ते उठले. दारापर्यंत जाऊन माघारी फिरले.

"ताई, सुनंला दोन दवाखान्यांत दाखिवलंय. एकानं आठ तारीख दिल्या, एकानं बावीस. तेवढं बी ह्यात बसतंय का बघा की."

"काका, अहो, ती माणसांची..."

"व्हय की," आकाराम म्हणाले. "म्हशीला निदान तुम्ही हायसा."