लाल की पांढरी

"मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवलं, बुटांवर पिशव्या चढवल्या. आता तोंडाला पण पट्टी लावतील," अनिस कुजबुजला. "काहीतरी लपवतायत हे लोक, भावा."

समाधानला ते गेटवरच कळलं होतं.

चाकणच्या त्या कारखान्यामागे ट्रॅकवर दोन नव्या स्पोर्ट्‌स कार उभ्या होत्या. एक लाल, एक पांढरी. रंग सोडला तर जुळ्या बहिणी.

"तुमच्या मोटार क्लबनं आमची झोप उडवलीय राव," प्रकल्पप्रमुख अर्जुनराव हसत म्हणाले. "मॅन्युअल गिअर द्या, ऑटोमॅटिक नको! तुमच्या पेजवरची ओळ न्‌ ओळ वाचलीय आम्ही. म्हणून तुम्हालाच बोलावलं. दोन्ही गाड्या मॅन्युअल आहेत, सेटिंग तेवढं वेगळं. जी निवडाल ती बाजारात येईल. फक्त बोनेट उघडायचं नाही."

समाधान मान डोलावत राहिला. गेला महिनाभर त्याच्या कानावर एक कुणकुण होती. कंपनीनं म्हणे एक बनावट मॅन्युअल तयार केलाय. दांडा असतो, क्लचचं पेडल असतं, पण गिअर बदलतो कॉम्प्युटर. लहान मुलाला खेळण्यातलं स्टिअरिंग द्यावं तसं. त्याच्या शब्दावर क्लबची हजारभर पोरं गाडी घ्यायची थांबली होती. चुकीची गाडी निवडली, तर खरा गिअर या गाडीला कधीच मिळणार नव्हता.

"दोघींतली एक खोटी आहे," तो अनिसला म्हणाला. भोसरीत अनिसचं गॅरेज होतं. गाडीच्या आवाजावरून तो तिचं दुखणं सांगायचा.

"मग धरू की चोर. चल."

आधी पांढरी. शेजारी निशिगंधा नावाची इंजिनीअर बसली. पट्टा लावताना ती दोनदा चुकली. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडत गेला. पहिला, दुसरा, तिसरा. समाधाननं मुद्दाम क्लच ढिसाळपणे सोडला, तरी गाडीनं सांभाळून घेतलं.

"कशी वाटली?" गाडी थांबायच्या आत तिनं विचारलं. "तीन वर्षं हिच्यावर खपलेय मी. म्हणजे... दोन्हींवर."

समाधाननं ते अडखळणं मनात टिपून ठेवलं.

मग लाल. आता शेजारी अनिस बसला. दुसरा गिअर पडताना किंचित अडला. दांडा तळहाताला गुदगुल्या करत होता. क्लच जरा लवकर सुटला, तशी गाडी आचका देऊन बंदच पडली. समाधानला हसू फुटलं. शिव्या खाल्ल्याशिवाय ऐकत नाही तीच खरी गाडी, असं त्यानंच कधीतरी क्लबच्या पेजवर लिहिलं होतं.

"दोन्ही बंद करा," खाली उतरत अनिस म्हणाला. "धक्का मारू."

"धक्का?" अर्जुनरावांनी भुवया उंचावल्या.

"साहेब, आमच्याकडं हीच परीक्षा, पेजवर पण टाकलीय. ऑटोमॅटिक मेली की तिला उचलूनच न्यावी लागते. मॅन्युअलला चार माणसं लावा, दुसरा गिअर टाका, पळत सुटते."

कामगार आले. पांढरीला रेटलं. समाधाननं क्लच सोडला. चाकं चिरकली, गाडी गचकली आणि गप्प. पुन्हा रेटलं, पुन्हा तेच.

"ऐ अल्ला, ही तर रुसलेली नवरी निघाली," अनिस म्हणाला. कामगार खिदळले.

निशिगंधा धावत आली. "बटण दाबल्याशिवाय हिच्यात पेट्रोल सुटत नाही. चोरी होऊ नये म्हणून केलंय. धक्क्यावरून ठरवू नका, प्लीज."

लालला रेटलं. पाच पावलांत ती गुरगुरून जागी झाली.

"मग हिच्यात कसं सुटलं, मॅडम?" अनिसनं विचारलं.

निशिगंधानं तोंड उघडलं. अर्जुनरावांनी नुसतं तिच्याकडं पाहिलं. तिनं तोंड मिटलं.

समाधानचा उरलासुरला संशय फिटला. पांढरीसाठी एवढी तगमग कशाला? बनावट माल खपवायचं काम या पोरीवर सोपवलं होतं, आणि तिला धड खोटंही बोलता येत नव्हतं.

"लाल," तो मोठ्यानं म्हणाला. "पांढरी आमच्या क्लबला नको. कारण तुम्हाला ठाऊक आहे."

तिथंच त्यानं क्लबच्या ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. "पोरांनो, डोळे झाकून लाल. शब्द आपला."

अर्जुनरावांनी त्याचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. "तुमच्या शब्दाबाहेर कंपनी नाही." ते एका कामगाराकडं वळले. "ज्योतीराम, पांढरीचे भाग सुटे करायला घ्या. ते काम आजपासून बंद." एवढं बोलून ते फोनवर बोलत ऑफिसकडं निघून गेले.

अनिसनं समाधानच्या पाठीत धपाटा घातला. "शेर आहेस! कंपनीला नागडं केलंस."

निशिगंधा पांढरीच्या टपावर हात ठेवून उभी होती. समाधानला तिची थोडी कीव आली. तो जवळ गेला.

"राग मानू नका, मॅडम. नोकरी आहे तुमची, मला समजतं. पण गिअर आमच्या रक्तात आहे. आम्हाला फसवणं अवघड."

ऑफिसचं दार बंद झाल्याची खात्री करून तिनं ज्योतीरामला खूण केली. त्यानं लाल गाडी शेडमध्ये नेऊन लिफ्टवर चढवली आणि वर उचलली.

"या," ती म्हणाली. "दोघंही या."

समाधान गाडीखाली उभा राहिला. खिशात मोबाइल थरथरत होता. पोरांचे अभिनंदनाचे मेसेज थांबत नव्हते. त्यानं मान वर केली. वर गिअरच्या दांड्याच्या बुडातून करंगळीपेक्षा बारीक एक वायर निघाली होती. गिअरबॉक्सपर्यंत जाणारी सळई, जाड केबल, असलं बाकी तिथं काहीच नव्हतं.