दारउघड्यांचा उंबरा

आडनाव बदलण्याचा अर्ज मी चुलत्यांपुढे ठेवला आणि ओसरीवर येरझाऱ्या घालू लागलो. ते दोनदा बस म्हणाले, पण मला बसवेना.

"आप्पा, साक्षीदार म्हणून सही करा. शाळेत पोरं माझ्या लेकीला फितूर म्हणतात. किल्ल्याचं दार शत्रूला उघडणारे, म्हणून दारउघडे!"

"खोटं कुठंय? उघडलंच आपल्या पूर्वजानं. वेढ्यात पाण्याची टाकी आटली, पोरं तहानेनं मरायला लागली. किल्लेदार ऐकेना."

"तरी फितुरीच ना ती?"

"फितुरीच."

तेवढ्यात शेजारच्या गोदाक्का भरली कळशी घेऊन आल्या. आमच्या उंबऱ्यावर पाणी ओतून, वाकून नमस्कार करून गेल्या. मागोमाग दुसऱ्या घरची सून आली, मग तिसऱ्या घरची. शहरात वाढलेला मी बघतच राहिलो.

"त्या वाचलेल्या पोरांची ही घरं," आप्पा म्हणाले. "दर चैत्री पुनवेला घराघरातली पहिली कळशी इथं येते. आडनावही त्यांनीच दिलंय."

मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "करतो सही. पण आधी त्यांना सांगून ये, पुढच्या वर्षी पाणी कुणाच्या उंबऱ्यावर ओतायचं."

अंगणात अजून सहाजणी कळश्या घेऊन उभ्या होत्या. मी त्या ओल्या उंबऱ्याशीच मटकन खाली बसलो.