लांबचा माल

पोलीस ठाण्याच्या मॅडम थेट वाडीत, चिकूच्या ढिगाशी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा हरिश्चंद्र हातातली टोपली खाली ठेवून उठला.

"काका, तुमचा प्रितेश परदेशात आहे ना? कुणी पाठवला त्याला?"

"आपला आपणच गेला. गोदामात कामाला आहे. मजेत आहे."

मजेत कसला! गोदामाचं सांगून नेला, आणि पोचल्या पोचल्या अंगावर वर्दी चढवून खंदकात उतरवला. हे सगळ्या गावात दोघांनाच ठाऊक होतं, हरिश्चंद्रला आणि प्रितेशला पाठवणाऱ्या जतीन दलालाला. तोच जतीन मागे फोनवर म्हणाला होता, "काका, एक पोरगा द्या. तो आला की प्रितेशला मागे रसोड्यात घेतील. नाहीतर पुढे धाडतायत त्याला, मग माझ्या हातात काही नाही." जसा काही लग्नघरी वाढपी बदलून मागत होता.

"परक्या फौजेसाठी आपली पोरं भरती करायला सरकारची मनाई आहे," मॅडम सांगत होत्या. "इकडून आणखी एक जण निघतोय अशी खबर आहे. नुसतं नाव सांगा. विमानतळावरच अडवतो त्याला. पोरगा वाचेल हो!"

ढिगापलीकडे लाडकी चिकू निवडत होती. मॅडम तिच्याकडे वळल्या. "मावशी, तुमच्या घरचं कुणी?"

लाडकीने तोंड उघडलं, आणि हरिश्चंद्रकडे पाहून मिटलं.

"तिचा पोरगा संदीप होय? तो माझ्याच वाडीत राबतो," हरिश्चंद्र म्हणाला. स्वतःच्याच आवाजाची त्याला किळस आली.

मॅडम आपला नंबर देऊन गेल्या. जीप कुंपणाबाहेर पडली तशी लाडकी हसली.

"मी काय बी बोलले नाय, शेट. तुमी सांगलेलं ना, सरकारी मानसा खोडा घालतात. बरा केला ना?"

"बरं केलंस."

"ती बाय लढाईचा बोलली तवा धडकीच भरली मला. पन प्रितेशभाऊ हाय तिथं. मग भ्या कशाचा?"

सांगून टाकावं, असं त्याला मनापासून वाटलं. ओरडून सांगावं, पोराला कोंडून घाल घरात! जीप अजून फाट्यापर्यंतही गेली नसेल. शब्द अगदी ओठांवर आले. पण कानात प्रितेशचं रडणं घुमायला लागलं. 'पप्पा, मला काढा इथून.' आणि बाप खाली वाकून चिकू निवडायला लागला.

लाडकीने बाजूला ठेवलेली फडक्याची पुरचुंडी त्याच्यापुढे केली. "उद्या निघंल ना संदीप. त्याच्यासंगं प्रितेशभाऊला धाडते. आवडतात त्याला."

हरिश्चंद्रने गाठ सोडली. चिकू एकजात कडक होते, अंगठ्याने दाबले तरी दबेनात.

"अगं, हे तर कोवळे आहेत सगळे."

"मग? तुमीच शिकवलेलं ना, शेट," लाडकी म्हणाली, "लांब धाडायचा तर कच्चाच काढायचा."

हरिश्चंद्रने पुरचुंडीची गाठ पुन्हा घट्ट आवळली.