नंबराची बाटली

मिलवॉकीतल्या माझ्या गॅरेजात मी आणि माझ्या मित्राने, व्हर्ननने, विजेवर चालणारी बिअरची भट्टी उभारली. बार्ली शिजवायच्या पातेल्याला हीटर बसवायला भोकं मी पाडली, वायरिंग त्याने केलं. प्रत्येक बटणाखाली त्याच्याच वाकड्या अक्षरातली चिठ्ठी. दर खेपेला मी केलेल्या बिअरचा पहिला घोट घेऊन तो म्हणायचा, “गड्या, अमृत आहे अमृत!” आणि सहा बाटल्या काखोटीला मारून न्यायचा.

घरी बिअर करणाऱ्यांच्या क्लबच्या स्पर्धेत बाटलीवर नाव नसतं, नुसता नंबर. व्हर्नन परीक्षक होता. माझ्या नंबराचा शेरा टपालाने आला, त्याच वाकड्या अक्षरात.

“दोस्ता, तू कोण ते ठाऊक नाही, म्हणून खरं सांगतो. बार्ली फार तापवतोस, बिअर तुरट होते. माझा एक जिवलग अगदी अश्शीच करतो. त्याच्या बाटल्या मी घरी नेऊन मोरीत ओततो.”