आठवा मुद्दा

तिसरा मुद्दा सुरू झाला आणि टॅक्सीवाला झोपला.

उमेदवाराने त्याच्या हातातला चहाचा कप अलगद काढून घेतला, टेबलावर ठेवला आणि आवाज जरा खाली आणून मुद्दा पूर्ण केला. मतदार झोपला म्हणून भाषण अर्धवट सोडणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. टॅक्सीवाल्याची बायको दाराला टेकून ऐकत होती, ती चौथ्या मुद्द्याला उभ्या उभ्याच पेंगली. पाचवा मुद्दा त्याने मांजराला सांगितला. मांजर आधीपासूनच झोपलेलं होतं, त्यामुळे तिथे अपयश आलं असं काही म्हणता येणार नाही.

विधानसभेला उभं राहण्याची ही त्याची पाचवी खेप. पोटापाण्यासाठी चष्म्याचं दुकान होतं. पक्ष नव्हता, गाडी नव्हती, मागे फिरायला कार्यकर्ते नव्हते. निवडणूक कार्यालयाने निशाणी दिली होती शिट्टी. ती त्याने एकदाही वाजवली नाही, कारण झोपलेल्या माणसासमोर शिट्टी वाजवणं बरं दिसत नाही. आवाज मात्र देवाने दिला होता. शेजारच्या खोलीत कुणीतरी हळूच पंखा लावावा, तसा.

निकाल लागला की दुसऱ्या दिवसापासून त्याचा पुढच्या निवडणुकीचा प्रचार सुरू व्हायचा. दुकान बंद करून रोज चार घरं. पाण्यापासून रस्त्यापर्यंत एकूण सात मुद्दे. एखाद्या गल्लीतून तो बाहेर पडे, तेव्हा मागे सगळं निवलेलं असे. पडदे तेवढे हलत असत. रेडिओ कुणासाठी तरी गात असे. न्हावी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत आणि गिऱ्हाईक बाकावर, दोघे तोंड उघडं टाकून झोपलेले. उमेदवार चपला हातात घेऊन चवड्यांवर चालत गल्लीबाहेर पडायचा आणि मनात म्हणायचा, किती शांतपणे ऐकतात हो आपली माणसं!

"अहो, एक माणूस दाखवा, ज्याने तुमचं भाषण शेवटपर्यंत ऐकलंय," बायको म्हणाली होती.

"तू."

"मी कुठे! बघायला आलात तेव्हा ऐकायला बसले होते खरी. जाग आली तोवर साखरपुडा ठरला होता."

ते त्याला लागलं. विधानसभेत म्हणे बोललेला शब्द न् शब्द लिहून घेतात. कुणी ऐको न ऐको, आपला सातवा मुद्दा जगात कुठेतरी एकदा लिहिला जावा, एवढंच त्याचं मागणं होतं. म्हणून त्याने जाहीर करून टाकलं, ही शेवटची खेप. पडलो तर परत कुणाच्या दारात येणार नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी शेवटचं घर होतं नर्सबाईंचं. त्यांची कायमची रात्रपाळी, त्यामुळे भर दुपारी खिडक्यांना जाड पडदे. दार उघडलं तर त्यांच्या दोन्ही कानांत कापूस.

"बसा भाऊ. पण बोलू नका. आज मला बोलायचंय." त्यांनी एका कानातला कापूस जरासा सैल केला. "राग मानू नका. इतकी वर्षं आम्ही तुम्हाला ठरवून पाडत आलोय."

"मुद्दे पटले नाहीत?"

"मुद्दे कुणाला माहीत आहेत! अहो, गोळ्या घेऊनही मला झोप येत नाही. टॅक्सीवाल्याला येत नाही, न्हाव्याला येत नाही, या गावात कुणालाच येत नाही. तुम्ही येता तेव्हा येते. निवडून आलात तर तिकडे जाऊन बोलाल. तिकडे आधीच सगळे झोपलेत."

उमेदवार काही बोलला नाही. बोलला असता तर त्या झोपल्या असत्या.

"पण तुम्ही शेवटचं म्हणालात, तेव्हा सगळे जमलो. म्हटलं, एका भल्या माणसाला पाडायचं तरी किती! उद्या मतं तुम्हालाच. पुढे जागू आम्ही. टॅक्सीवाला म्हणाला, मी रात्रीची भाडी घेईन, नाहीतरी जागाच असतो." त्या हसल्या. हसताना त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं जराशी वर सरकली. "बाकीची गावं विरोधात गेली तरी काठावर जिंकताय तुम्ही भाऊ. आता दोन मुद्दे ऐकवा. शेवटचे."

त्यांनी कापूस काढून वाटीत ठेवला. पहिला मुद्दा संपायच्या आत त्यांची मान खुर्चीच्या पाठीवर टेकली.

दुसऱ्या दिवशी मतदानाच्या रांगेत सगळं गाव होतं. त्याला पाहून कुणी हात हलवला, कुणी अंगठा दाखवला. सगळ्यांचे डोळे तांबारलेले होते. आत पुठ्ठ्याच्या आडोशामागे उमेदवार यंत्रासमोर इतका वेळ उभा राहिला, की बाहेरून कुणीतरी ओरडलं, "अहो, यंत्राला भाषण देताय की काय!"

निकाल लागला. तो एका मताने पडला.

बायको पाय आपटत घरात आली. "एका मताने! सगळं गाव तुमच्या बाजूने आणि एक मेला ऐनवेळी फिरला. कोण असेल हो?"

"एका मतासाठी सोडून देणं बरं दिसत नाही," तो म्हणाला. "आणखी एकदा उभा राहतो. तू बस बरं इथे."

ती बसली, तसा त्याने पहिला मुद्दा काढला. दुसऱ्याला तिच्या कपाळावरची आठी गेली, तिसऱ्याला मान कलली. त्याने तिच्या अंगावर चादर घातली, सातही मुद्दे नीट पूर्ण केले आणि मग आयुष्यात पहिल्यांदाच आठवा मांडला.

"तो मीच," तो म्हणाला.