मूठभर केसर

फिलिपिन्सच्या इलोकोस भागातल्या त्या घरात दर शुक्रवारी मुगाचं कालवण व्हायचं, हादग्याची फुलं घातलेलं. बारा वर्षं ते थोरली सून नेनिता करायची. मग धाकटी सून मारिसेल आली, कालवण तिच्या हाती गेलं, आणि सासूबाई वाडगा पुढे करून दुसऱ्यांदा मागू लागल्या. नेनिताच्या पोटात दुखायला लागलं.

"मानांग, जरा भांड्याकडे बघता? भात उतरवून येते." मारिसेल थोरल्या जावेला मानांग, म्हणजे ताई, म्हणायची.

"जा की, मी आहे ना!"

मारिसेलची पाठ वळताच, तिनं फुलांतून खुडून टाकलेले कडू केसर नेनितानं मूठभर उचलले आणि रटरटत्या कालवणात सोडले. आता करा म्हणावं कौतुक!

सासूबाईंनी पहिला घास कसाबसा गिळला आणि पाण्याचा पेला जवळ ओढला.

"नेनिता, आज पुन्हा तू रांधलंस होय गं?"