नग एक, रंग करडा

मांजरांच्या पाळणाघरातून आलेल्या पत्राला ग्रंथपालांनी सव्वीस दिवस उत्तर दिलं नव्हतं. पत्र चारच ओळींचं. ‘मांजर, नग एक, रंग करडा, सुखरूप परत मिळाली, असे कळवून सहकार्य करावे.’ ते रोज पत्र उघडायचे, ‘नग’ या शब्दापाशी अडायचे आणि पुन्हा घडी घालून ठेवायचे.

आज मुलीने उत्तर लिहूनच आणलं होतं.

“खाली फक्त सही करा, बाबा. पाळणाघरवालीचे दोन फोन येऊन गेले. माझ्या ओळखीची म्हणून तर तुमच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला दहा दिवस सांभाळली तिने. उगाच वाईटपणा कशाला?”

“ही आपली नाही.”

“झालं, पुन्हा तेच. मोतीबिंदू काढल्यावर रंग वेगळे दिसतात, डॉक्टरांनी सांगितलं होतं ना? जुनीच मांजर नव्या डोळ्यांनी बघताय, एवढंच.”

ग्रंथपालांनी कागद हातात घेतला. असेलही. समोरचा ठामपणे बोलला की आपलंच चुकलं असणार, असं त्यांना जन्मभर वाटत आलं होतं. मांडीवरची करडी मांजर डोळे मिटून घुरघुरत होती.

“आपली मास्तरीण मांडीवर बसत नव्हती,” ते हळूच म्हणाले. “पुस्तकावर बसायची. पान उलटायला गेलं की एक चापट.”

“म्हातारी झाली. माणसं नाही का मऊ पडत?”

“वाटीतल्या पाण्याला तोंड लावायची नाही. नळ थेंबथेंब सोडून ठेवावा लागायचा. मी शिंकलो तर दिवसभर पाठ फिरवून बसायची.”

“मग सुधारली म्हणा की. दहा दिवस चार मांजरांत राहिली, वळण लागलं. तुम्हाला तरी कुणी पाठवायला हवं होतं.”

ग्रंथपालांनाही हसू आलं. त्यांनी पेनचं टोपण काढलं.

तेवढ्यात मांजर मांडीवरून उतरली. आत गेली आणि धुवायच्या कपड्यांतला एक मोजा तोंडात धरून, फरफटत बाहेर घेऊन आली. दाराशी येऊन तिने तो उंबऱ्यावर ठेवला, आणि जिन्याकडे कान लावून ताठ बसली. घड्याळात सव्वापाच झाले होते.

“बघा, कशी खेळतेय,” मुलगी म्हणाली.

“खेळत नाही. रोज याच वेळेला आणते. जिन्यात पाऊल वाजलं की उठते. पाऊल वरच्या मजल्यावर गेलं की परत बसते. साडेसहापर्यंत.”

मुलगी मोज्याकडे बघत राहिली. “पण तुम्ही तर दिवसभर घरातच असता.”

“हो.”

जिन्यात कुणीतरी आलं. मांजर उठली. पावलं वर निघून गेली. मांजर बसली.

ग्रंथपालांनी पेन कागदावरून उचललं. स्वतःच्या मांजरीसाठी भांडायचा त्यांना सव्वीस दिवस धीर झाला नव्हता.

“कुठेतरी एक माणूस कामावरून दमून घरी येत असेल,” ते म्हणाले. “दाराशी कुणी नाही. आत मास्तरीण त्याच्याकडे पाठ करून बसलेली. आणि त्यालाही कुणीतरी समजावत असेल, बाबा रे, तीच आहे, तुझंच काहीतरी बिघडलंय.”

“बाबा, हळू. शेजारी ऐकतील.”

“ऐकू देत. तीस वर्षं मी एकाच रंगाच्या बांधणीतली पुस्तकं सांभाळली. म्हणून कधी कुणाच्या हातात भलतंच पुस्तक ठेवून, मिळालं म्हणून सही करा, असं म्हटलं नाही.”

मुलीने आणलेला मजकूर त्यांनी उभ्या रेघेने खोडला. एरवी दोन ओळींच्या पत्राचेही ते तीन कच्चे खर्डे करत. आज त्याच कागदाच्या मागे सरळ लिहीत गेले:

‘तुमच्या नोंदीप्रमाणे करडा नग मिळाला. माझी मांजर मिळालेली नाही. इथे जी आहे, तिचं माणूस सव्वापाचला घरी येतं. ते कोण, हे तुमच्या वहीत शोधा. सापडेपर्यंत मी रोज येऊन विचारणार आहे.’

पाकीट चिकटवून ते उठले. दारातला मोजा ओलांडून, मांजरीला धक्का न लावता बाहेर पडले. मुलगी मागोमाग कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत आली.

“असं तोडून लिहिलंत, बाबा. तिला वाईट वाटेल हो.”

“कुणाला?” ग्रंथपालांनी विचारलं, आणि पत्र पेटीत टाकलं.